ॲलर्जीचे डॉक्टर इथे नाहीत

बेयाने दार वाजवलं, तेव्हा आतून आवाज आला, "नाक की कातडी?"

तिने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. ट्यूनिस, लाफायेत भाग, बेकरीच्या वरचा दुसरा मजला, डावीकडचं दार. पत्ता बरोबर होता.

"दोन्ही नाही," ती बंद दाराला म्हणाली. "मधमाशी."

दार उघडलं. तिशी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला एक माणूस. चष्मा कपाळावर, बोटांना शिक्क्याची निळी शाई.

"मधमाशी?" तो जरा आनंदानेच म्हणाला. "मधमाशीवालं अजून कुणी आलं नव्हतं!"

"तुम्ही डॉक्टर?"

"छे हो. मी नौफेल, अनुवादक. जन्मदाखले, निकाहनामे, कोर्टाचे निकाल... अरबीचं फ्रेंच, फ्रेंचचं अरबी. डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच देश सोडून गेले. त्यांची पाटी मी उतरवली, पण लोकांच्या चिठ्ठ्यांमधून पत्ता कोण उतरवणार?" त्याने दारावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. 'ॲलर्जीचे डॉक्टर इथे नाहीत.' "लोक हे वाचतात, आणि तरी वाजवतात."

"मी वाचलं नाही. आधीच वाजवलं."

"तेही चालतं," तो बाजूला सरकत म्हणाला. "आत या. असली बातमी उंबऱ्यावर देऊ नये."

बेया पहाटेच अइन द्राहमहून निघाली होती. साडेतीन तास लुआजमध्ये, वाटणीच्या टॅक्सीत, सात जणांशी खांदे घासत आली होती, आणि आता डॉक्टर नाहीत म्हणे. तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ती पहिल्यापासूनच तशी. गावात म्हणायचे, या पोरीच्या डोक्यावर वीज पडली तर ती म्हणेल, "बरं."

चहा होईपर्यंत तिने हकिगत सांगितली, शेजारणीच्या गाईची सांगावी तशी. वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या मागे, बुचाच्या ओक झाडांच्या जंगलाच्या कडेला, मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. माश्या तिला लहानपणापासून चावत आल्या होत्या, तिला त्याचं काहीच वाटत नसे. एप्रिलमध्ये मात्र मानेवर एकच माशी चावली... तळहातांना खाज सुटली, ओठ सुजले, श्वास घशातच अडला. मग पेट्यांमधलं गवत गालाला लागलं, तेवढं आठवतं. मेहरेजकाकांनी उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात इंजेक्शन दिलं, म्हणून वाचली. तिथला डॉक्टर म्हणाला, पुढची माशी शेवटची ठरेल. एक तर पेट्या सोड, नाहीतर ट्यूनिसला जाऊन ॲलर्जीचा तज्ज्ञ गाठ.

"आणि घरचे?"

"काका म्हणतात, पेट्या मला दे. आई म्हणते, देऊन टाक. दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच राग येतो."

राग कुठे दिसत नव्हता. नौफेलने निरखून पाहिलं... नाही, खरंच कुठे नव्हता. फक्त साखरेचा खडा तिच्या बोटांत भुगा होऊन गेला होता.

त्याने कपाटातून एक जाड वही काढली. चुकून आलेल्या प्रत्येकाला त्याने सांगून ठेवलं होतं, डॉक्टर सापडला की मला कळवा. दोन वर्षांत वही भरत आली होती.

"हे गोरं व्हायची मलमं विकतात. हे चांगले आहेत, पण फक्त लहान मुलांना बघतात. आणि हे... शिंका येतात म्हटलं की सांगतात, घरातलं मांजर हाकला."

"आणि मांजर नसेल तर?"

"मग आधी आणा आणि हाकला!"

बेयाच्या ओठाचा कोपरा हलला. हलला, की त्याला भास झाला?

"मधमाशीचं यात कुणी नाही," वही मिटत तो म्हणाला. "शोधू या."

"शोधू म्हणजे? तुमचे निकाहनामे?"

"ज्यांना लग्न करायचंय ते थांबतील तासभर. त्यांच्याच भल्याचं आहे."

त्याने सात ठिकाणी फोन केले. आठवा एका औषधवालीला. ती म्हणाली, डॉक्टर फातेन मामर, सरकारी रुग्णालय. विषावरचा उपचार त्या करतात. रुग्णालयात फोन लावला, तर पलीकडची बाई म्हणाली, तीन महिन्यांनंतरची तारीख मिळेल. नौफेलने आपलं कोर्टातलं गुळगुळीत फ्रेंच लावून पाहिलं. बाई ढिम्म.

बेयाने हात पुढे केला. फोन घेतला.

"बाई, माझ्या चाळीस पेट्या आहेत. तीन महिन्यांनी मी येईन, पण तेव्हा पेट्या नसतील. मग डॉक्टरांनी मला बरं कशासाठी करायचं?"

पलीकडे वहीची पानं उलटली. मग आवाज आला, "मंगळवारी आठला या. वेळेवर या हं."

"माझं फ्रेंच वाया गेलं," नौफेल म्हणाला.

"चहा नाही गेला," बेया म्हणाली, आणि परतीची लुआज पकडायला उठली.

डॉक्टर फातेन म्हणजे ठेंगणी, मोजकं बोलणारी बाई. कातडीवर टोचून तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, "मधमाशीचंच विष, सुईतून. आधी नखभर, मग दर आठवड्याला वाढवत न्यायचं. सोळा आठवडे. पुढे काही वर्षं महिन्यातून एकदा. तोवर पेट्यांकडे फिरकायचं नाही, आणि हे तातडीचं इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं."

घरी आईने सगळं ऐकलं, आणि दिराला म्हणाली, "मेहरेज, सोळा मंगळवार थांब. तोवर पेट्या तू बघ. पोरगी बरी झाली तर तिच्या, नाहीतर तुझ्या."

काका म्हणाले, "थांबतो. मला कुठे घाई आहे?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेट्यांना नवा रंग दिला.

असे सोळा मंगळवार सुरू झाले. सुई टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसावं लागे. काही झालंच तर डॉक्टर जवळ असावा म्हणून. पहिल्या मंगळवारी बेया लाफायेतला जाऊन मधाची बाटली देऊन आली. उपकार फिटले, तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या मंगळवारी नौफेल त्याच बाकावर बसलेला.

"तुम्ही इथे?"

"एका मृत्यूच्या दाखल्याचं काम होतं."

तिसऱ्या मंगळवारी जन्माचा दाखला निघाला. चौथ्याला पुन्हा मृत्यूचा. पाचव्या मंगळवारी तिने येता येताच विचारलं, "आज कोण गेलं?"

"आज... सगळे धडधाकट आहेत," तो चष्म्याशी खेळत म्हणाला. "आज मी असाच आलो."

"बरं," बेया म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकून बसली.

हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुठल्या मंगळवारी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती आईच्या हातची, मातीच्या भट्टीतली तबूना रोटी आणायची, तो खालच्या बेकरीतल्या गोड वड्या. तो बोलायचा, ती ऐकायची. मधूनच एखादं वाक्य टाकायची, की तो दोन दिवस हसत राही. निलगिरीच्या मधाची चव कशी असते, असं त्याने एकदा विचारलं.

"खोकल्याच्या औषधासारखी. पण विकताना असं सांगायचं नसतं."

"मग काय सांगायचं?"

"जंगलाची चव."

"अगं, तूच अनुवादक आहेस!"

अकराव्या मंगळवारी तो आला नाही. अर्धा तास बेया एकटी बसली आणि गेली. बाराव्याला तो होता, डोळ्यांखाली काळं. सूस शहरात त्याच्या आईचं ऑपरेशन होतं, अचानक. आता बरी आहे. बेयाकडे फोन नंबर मागायचा मात्र त्याला कधी धीरच झाला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. पण त्या दिवशी अर्ध्याऐवजी सगळी रोटी तिने त्याच्यासमोर ठेवली.

सोळा झाले. डॉक्टर फातेन म्हणाल्या, "कागदावर तुम्ही बऱ्या आहात. पण मला कागद पुरत नाही. पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर खरी माशी चावू द्या. माशी तुमची तुम्ही आणा."

बेयाने भोकं पाडलेल्या डबीत तीन माश्या आणल्या. लुआजमधली शेजारीण कान टवकारून म्हणाली, "यात काय गुणगुणतंय?"

"औषध," बेया म्हणाली. शेजारीण दोन बोटं लांब सरकली.

खाटेवर तिच्या छातीला तारा चिकटवल्या. डॉक्टरांनी चिमट्याने माशी उचलून तिच्या हातावर धरली. क्षणभर काही नाही... मग तो जुना, ओळखीचा चटका. बेयाने पापणीही हलवली नाही. पलीकडे उभा नौफेल मात्र चुन्यासारखा पांढरा पडला होता. नर्सने त्याला खुर्ची दिली. तो खाटेशी सरकून बसला.

दहा मिनिटं झाली. रक्तदाब ठीक. अंगावर पुरळ नाही. श्वास मोकळा. नाडी मात्र एकशे बारा.

"डॉक्टर, नाडी!" नर्स घाबरली. तिच्या हातात इंजेक्शन तयार.

डॉक्टर फातेननी बेयाची जीभ पाहिली, घसा पाहिला, छाती ऐकली. मग पडद्यावरचा आकडा, मग खुर्चीतला माणूस.

"तुम्ही जरा बाहेर जा."

नौफेल धडपडत बाहेर गेला. आकडा उतरू लागला. शंभर... नव्वद... अठ्ठ्याहत्तर.

"आत या."

एकशे नऊ.

नर्सने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. डॉक्टर शांतपणे लिहू लागल्या.

"काय लिहिता?" बेयाने विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी थरथरलं.

"माशीचा परिणाम नाही."

"हे यंत्र बंद करता येईल का?"

"दोन तास नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि नर्सला घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

नौफेलला एकही विनोद सुचेना. "बेया... हे खरं आहे?"

"आकडे वाचता येतात ना तुला?"

"माझं काम शब्दांचं आहे. मला शब्दांत लागतं."

तिने चावलेला हात उचलून पाहिला. हातावरची सूज आता नाण्याएवढी झाली होती, त्याहून मोठी होत नव्हती.

"अकराव्या मंगळवारी तू आला नाहीस," ती म्हणाली. "त्या दिवशी भिंतीवरचं हात धुण्याचं पत्रक मी चार वेळा वाचलं. अजून पाठ आहे... आता याचं तुझ्या भाषेत काय होतं, ते तू बघ."

"शब्दशः की भावार्थ?"

"भावार्थ."

त्याने तिचा हात हातात घेतला, न चावलेला. आकडा भराभरा चढला. दाराशी उभ्या दोघींपैकी कुणीही आत आलं नाही.

रविवारी तो अइन द्राहमला आला. मेहरेजकाकांनी जाळीची टोपी बेयाच्या हातात दिली, नव्या रंगाच्या पेट्यांवरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाले, "घे गं बाई, तुझं तू सांभाळ." बेयाने सहा महिन्यांनी पहिली पेटी उघडली. एक माशी तिच्या मनगटावर चावली. तिने डंख नखाने खरवडून काढला आणि पुढची चौकट उचलली. नौफेल चार पावलं मागे उभा राहून तिच्या आईकडे मागणी घालायचं भाषण पुटपुटत होता. तेवढ्यात दुसरी माशी त्याच्या जाळीत शिरली.

आईसमोर तो बसला, तेव्हा त्याचा डावा डोळा पुरता मिटला होता आणि गाल टोमॅटोसारखा फुगला होता. भाषणातलं एक वाक्य धड आठवेना. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि लेकीकडे वळली.

"हा रोज असाच दिसतो का गं?"

"नाही," बेया म्हणाली. "दोन दिवसांनी बरा दिसेल."

"मग दोन दिवस राहू दे त्याला इथे," आई म्हणाली. "नीट बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."