शिट्टी वाजली होती

मी सांगतो आहे ते घडलेले आहे. मी त्या होडीत होतो.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका घेतली आणि सारी नोकरी एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत काढली. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही तिथली शिस्त. निवृत्तीनंतर ओतूरला घर बांधले, तेव्हाही भिंत सरळ उभी राहते का ते पाहायला गवंड्याच्या मागे ओळंबा घेऊन मीच उभा होतो. अशा माणसाने हे का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही. गेल्या कार्तिकातली गोष्ट. संध्याकाळ व्हायची होती, ऊन अजून डोळ्यांवर येत होते. जागा म्हणजे आमच्याकडच्या धरणाचा फुगवटा. तिथे नजर पोचेल तिथवर पाणी आणि चारी बाजूंनी डोंगर. समुद्र तिथून घाटाखाली, फार लांब.

हे लक्षात ठेवा. समुद्र फार लांब.

सुदर्शन माझा भाचा. धाकट्या बहिणीचा, प्रतिभाचा मुलगा. जुन्नरच्या महंमद हनीफांचा अमन त्याचा जिवाभावाचा मित्र. दोघेही आमच्या पिंपरी पेंढारच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधून एकाच दिवशी दोघांना पाण्यात ढकलले होते आणि काठावर दोर धरून मी आणि हनीफभाई उभे होतो.

पुढे दोघे परदेशात एका शिडाच्या बोटीवर कामाला लागले. पाहुण्यांना समुद्रात न्यायचे, पोहायला उतरवायचे, सांभाळून वर घ्यायचे. सुदर्शन तिथले नियम सांगायचा. पाणी गढूळ असेल तर उतरायचे नाही. दिवस मावळतीला उतरायचे नाही. बोटीवरून खरकटे किंवा मासळीचे पाणी टाकले असेल तर अजिबात नाही. शार्क यालाच येतो. आणि एक जण कायम वर, गळ्यात शिट्टी अडकवून.

"वरच्यानं पवणाऱ्याकडं बघायचं न्हाई, मामा," तो म्हणायचा. "पाण्याकडं बघायचं. पाण्यावर वाऱ्याच्या उलटी रेघ दिसली की शिट्टी मारायची."

एका संध्याकाळी काम संपल्यावर अमन पाण्यात उतरला. वर सुदर्शन होता.

अमन परत आला नाही. त्याचे काहीच परत आले नाही.

सुदर्शन एकटा गावी आला आणि थेट जुन्नरला हनीफभाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो.

"चाचा, रेघ दिसली तशी मी शिट्टी मारली," तो म्हणाला. "लई मारली. त्याला ऐकूच गेली न्हाई. माझ्याकडं बघून हसत व्हता. हात हलवला त्यानं."

"किती लांब व्हता?" हनीफभाईंनी विचारले.

"लांब न्हवता. हाकेवर व्हता."

आतून अमनच्या आईचा, आमिनाभाभींचा रडण्याचा आवाज येत होता. हनीफभाई म्हणाले, "तुमच्या विहिरीत तळाला बुडी मारली तरी काठावरची हाक ऐकू येती, बेटा. पोराला मी तिथंच शिकवलाय. अन् उघड्यावर, हाकेवर, शिट्टी ऐकू न्हाई गेली? तू वर व्हतास का तूबी पाण्यात व्हतास?"

"वर व्हतो."

"मग वाजवली न्हाईस."

त्यानंतर त्या घराने सुदर्शनशी बोलणे सोडले. बाजारात हनीफभाई समोरून आले की सुदर्शन रस्ता बदलायचा. विहिरीत पोहून मोठा झालेल्या माणसाला हनीफभाईंचेच पटायचे. खरे सांगायचे तर मलाही पटायचे. विहीर गोल असते. आवाज बाहेर कुठे जाणार?

सुदर्शन पुन्हा परदेशी गेला नाही. त्याने एक जुनी शिडाची होडी आणून फुगवट्यावर ठेवली. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचे, असा बेत होता. शीड फाटके होते. तसले जाड कापड शिवणारा आमच्या भागात एकच माणूस, ताडपत्रीवाले हनीफभाई.

मी मध्ये पडलो. एकमेकांचे तोंड पाहतील, काहीतरी मिटेल, एवढाच हिशेब होता. हनीफभाईंनी शीड शिवले आणि चढवून द्यायला स्वतः आले. सुदर्शनने पाया पडायला हात पुढे केला. ते बाजूला सरकले.

"काम दाखव," एवढेच म्हणाले.

आम्ही तिघे होडीतून मध्यावर गेलो. शीड छान फुगले. हनीफभाई डोलकाठीपाशी बसून शेवटचे टाके घालत होते. त्यांची मोठी कात्री सुतळीने डोलकाठीला टांगलेली होती. काठावर गेणू नावाचा शेतकरी पाण्याची मोटार चालवत होता. तिची घरघर इथपर्यंत येत होती.

जेवण राहिले होते, ते होडीतच उरकले. हनीफभाईंच्या डब्यात मटणाचा रस्सा होता. खाऊन झाल्यावर त्यांनी हात लांबवून डबा पाण्यात खळबळला. आपल्याकडे सगळेच खळबळतात. तेलाचा तवंग होडीमागे पसरत गेला.

परतीच्या पावसाने पाणी गढूळ होते. ऊन मावळतीला, माळशेजच्या बाजूला उतरले होते.

हे सगळे मी पाहिले. काहीच मनात आले नाही. धरणात कसला नियम?

सुदर्शनने दोराची शिडी खाली सोडली. "पावणं उतरायच्या आधी मीच उतरून बघतो. परत चढायला सोपं पडतंय का ते."

"शिट्टी कुठं आहे?" मी विचारले. सवयीने.

"बोटीवर शिट्टी ठेवणार न्हाई, मामा. हाक मारा."

तो कठड्यापाशी घुटमळला. पाण्यात उतरायची ही त्याची अमननंतरची पहिलीच वेळ होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

हनीफभाईंनी सुईवरून नजर न उचलता म्हटले, "उतर की. हितं काय शार्क येतोय व्हय घाट चढून?"

सुदर्शन कसनुसा हसला आणि उतरला.

दहा-बारा हात पोहत गेला, वळला, चेहरा आमच्याकडे करून उभ्याने पाणी मारू लागला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तसा मोकळा चेहरा मी फार दिवसांनी पाहत होतो.

"चाचा, पाणी झकास हाय," तो ओरडला.

हनीफभाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

आणि मग...

शीड लुळे पडले. वारा सावकाश कमी झाला नाही, एकदम थांबला.

काठावरचे पाणकावळे उठले. पंख फडफडताना दिसत होते. आवाज नव्हता.

मी काठाकडे पाहिले. मोटारीच्या पाइपातून पाणी धो धो पडत होते. घरघर मात्र...

बंद.

मी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ खारट होते.

घाम असेल, असे मी स्वतःला सांगितले. तेवढ्यात माझी नजर कात्रीवर गेली.

टांगलेली कात्री म्हणजे ओळंबाच. मी आणि हनीफभाई दोघेही शिडीच्या बाजूला, डावीकडे बसलो होतो. होडी डावीकडे कलायला हवी होती. पण कात्री डोलकाठीपासून उजवीकडे गेली होती. होडी उजवीकडे कलली होती.

वारा नव्हता. लाट नव्हती. उजव्या कठड्यापाशी कोणी बसलेले नव्हते.

पण तिथे वजन होते. आमच्या दोघांपेक्षा जास्त. उभ्या माणसासारखे ते हळूच पाय बदलत होते. कात्री सरकत होती... थांबत होती...

तिथली फळी ओली झाली होती. फक्त दोन पावलांपुरती.

हनीफभाईही तिकडेच पाहत होते. त्यांच्या हातातली सुई थांबली होती.

"भाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "कोण हाय?"

मी उत्तर देणार, तोच...

शिट्टी वाजली.

होडीवरच. त्या रिकाम्या कठड्यापाशी. जोरात, लांब, कानठळ्या बसतील अशी. मग पुन्हा. पुन्हा. वाजवणारा घाबरलेला होता. श्वास पुरत नव्हता, मध्येच तुटत होता, आणि तरी तो वाजवत होता.

मी पाण्याकडे पाहिले.

सुदर्शनच्या मागे, दूरवर, सपाट पाण्यावर एक रेघ उमटली होती. सरळ. त्याच्याकडे येणारी.

मी ताडकन उठलो. हनीफभाईंनी माझे मनगट धरले.

"थांबा. त्याला ऐकू जातंय का बघू."

मी थांबलो नाही. मी ओरडलो. "सुदर्शन, मागे बघ. वर ये." माझ्या नरड्यात कळ आली, इतका ओरडलो. शिट्टी वाजतच होती.

सुदर्शन आमच्याकडे बघत होता.

हसत होता.

हनीफभाईंचा हात गळून पडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पुन्हा कधी पाहू नये. मग तेही ओरडू लागले. "ये बेटा. शिडी धर. बेटा, ये." कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून, दोन्ही हातांनी बोलावत.

सुदर्शनने हात वर केला.

आणि हलवला.

रेघ त्याच्यापर्यंत आली. तो आरडला नाही. झटापट झाली नाही. जिथे तो होता, तिथे तेलाचा तवंग फिरत राहिला.

शिट्टी थांबली. कात्री हळूहळू सरळ झाली. होडी हलकी झाली. मग काठावरच्या मोटारीची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली.

मी शिडी ओढून घेतली. सुकल्यावर तिच्या दोरावर पांढरे मीठ फुलले होते. ते मी चाखून पाहिले आहे.

शोधकार्य झाले. पाणबुडे आले, गळ टाकले, जाळी फिरवली. गवतात पाय अडकला असेल, असे लिहिले गेले. उन्हाळ्यात पाणी सुटले की सापडेल, असे सांगण्यात आले. वैशाखात फुगवटा तळाला गेला. आम्ही जिथे होतो, तिथे भेगाळलेल्या चिखलावर मी स्वतः चालत गेलो.

काही नव्हते. अमनचे आले नाही, तसे याचेही आले नाही.

गेणूची जबानी झाली. तो खोटे बोलणारा माणूस नाही. तो म्हणाला, "दोघं होडीवर उभं व्हतं. त्यांची तोंडं उघडी दिसत व्हती. आवाज काय न्हाय आला. शिट्टीबिट्टी तर न्हायच. पाण्यावरचा आवाज मला रोज ऐकू येतो, राव."

हनीफभाई प्रतिभाच्या दारात गेले. मी सोबत होतो. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, सुदर्शन एकदा त्यांच्या दारात उभा होता तसे.

"ताई, शिट्टी वाजली व्हती," ते म्हणाले. "त्याला ऐकू न्हाई गेली. तुमचा पोरगा खरं बोलत व्हता. मीच त्याला..."

प्रतिभाने त्यांच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"किती लांब व्हता, दादा?"

"हाकेवर होता."

"मग हाक मारली न्हाईस तू."

ती आत गेली. तिने दार लावले नाही, तेवढेही केले नाही. नुसती आत गेली.

हनीफभाईंचे शिवणयंत्र आता बंद असते. आमिनाभाभी त्यांना एकच विचारतात: शिट्टी वाजवणारा अमन होता, तर दोन शब्द का बोलला नाही? मला वाटते, वर उभा राहिलेल्याला बोलता येत नसावे. त्याला फक्त वाजवता येते.

हे मी आज का लिहितो आहे, ते सांगून थांबतो.

मागच्या आठवड्यात मी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. माझी सून वृषाली अंगणातून धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"अण्णा, कुकर केव्हाचा शिट्ट्या देतोय. बंद करायचा ना. बाहेर ऐकू येत होतं."

मला एकही ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंचरला जाऊन कान तपासले. कारखान्यात असताना दरवर्षी तपासायचे, तसेच. कान उत्तम आहेत. वृषालीचे बोलणे ऐकू येते, एसटीचा भोंगा ऐकू येतो, पानांची सळसळ ऐकू येते.

काल सकाळी मी मुद्दाम कुकरसमोर जाऊन बसलो. वाफ उसळताना दिसली. झाकणावरची शिट्टी थरथरताना दिसली.

आवाज...

नव्हता.

वृषाली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. ती काहीतरी सांगत असावी, म्हणून मी हसलो आणि हात हलवला.

हात वर असतानाच माझ्या लक्षात आले: अमनने आणि सुदर्शननेही हेच केले होते.

रेघ घाट चढून आली, ती अंगण ओलांडून आत येणार नाही कशावरून? तेव्हापासून मी पाय जमिनीवर टेकत नाही.