तोरणातलं बिननावाचं पान

हे मी रचलेलं नाही. सारं आयुष्य लहान मुलांना शिकवण्यात गेलं. त्यांना भुताखेतांच्या गोष्टी सांगून घाबरवणं मला कधीच आवडलं नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझ्या नातीच्या बाबतीत.

२०१४ सालची नवरात्र. सिंगापूरचं पुंगोल. माझा मुलगा संजीव तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि मी नुकतीच पुण्याहून गेले होते.

सून सुचित्रा म्हणाली, "आई, यंदा दाराला ऑटम थीम करू या? लाल-केशरी पानं. पाया लेबारला आमच्या ऑफिसखालच्या मॉलमध्ये सगळीकडे तीच लावलीत."

"अगं, इथे बारा महिने घाम. पानगळ कुठली?"

"म्हणून तर कागदाची!" ती हसली.

मग मी मधला मार्ग काढला. बिल्डिंगमधली मराठी मुलं गोळा केली. केशरी कागदावर आपला पंजा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं. पंजा म्हणजेच पान. मागे आपलं नाव. पानं दोऱ्यात ओवली की झालं तोरण. तिचा ऑटम, माझा दसरा.

माझी नात ऋता तेव्हा सहा वर्षांची. तिने इतकं सुबक कापलं की मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. "शाब्बास!" म्हटलं आणि तिचं पान मधोमध लावलं.

मुलं घरी गेली. पाहते तर पानं सम भरलेली. आमच्याकडे तोरणाला पानं विषमच लागतात.

दारात उभी राहून मी सहज म्हणाले, "अजून एक हात हवा. कोण देतं?"

कॉरिडॉर रिकामा होता...

निदान मला तसं वाटलं.

सकाळी तोरणात एक पान जास्त होतं.

मागे नाव नव्हतं.

"ऋता, हे तुझं का गं?"

"नॉट माइन ला, आजी," ती तिथल्या पोरांसारखा ‘ला’ जोडून म्हणाली. "बघ ना, किती छोटंय."

खरंच. ज्या वयात हातात कात्रीही धरता येत नाही, त्या वयाचा पंजा होता तो. कुणीतरी धाकट्या भावंडाचा आणून लावला असेल, असं म्हणून मी तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ऋताचं पान भिंतीकडे तोंड करून होतं. मी सरळ केलं.

संध्याकाळी ते पार टोकाला गेलं होतं. आणि मधोमध...

ते बिननावाचं.

ऋता जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, तू मला शाब्बास म्हटलंस ना, की तिला राग येतो."

"कुणाला?"

"तूच बोलावलंस ना तिला? ती म्हणते, आजी इज माइन."

खालून एलआरटीची छोटी ट्रेन गेली. तिची घरघर विरली. आणि मग दाराबाहेरून...

कच्... कच्...

कात्रीचा आवाज.

मी दार उघडलं. कुणी नव्हतं. ऋताच्या पानाचा अंगठा कापलेला होता. तुकडा कुठेच सापडला नाही.

सकाळी ऋताचा अंगठा सुजला. तिला पेन्सिल धरवेना. डॉक्टरांना कारण कळेना.

"अंगठा दारात चिमटला असेल, आई," संजीव म्हणाला. "आणि तोरणाशी पोरं खेळत असतील."

सुचित्राचा चेहरा मात्र उतरला होता. "काढून टाका ना ते, आई."

मी तोरणाला हात घातला. आतून ऋता कळवळून ओरडली.

मी हात मागे घेतला.

मग मी तेच केलं, जे वर्गात रुसून कोपऱ्यात बसलेल्या मुलासाठी करायचे. त्या छोट्या पानावरून बोट फिरवलं. "किती छान कापलंस गं," म्हटलं. "शाब्बास."

वारा नव्हता. पण तोरण हललं...

दसऱ्याला ऋता आपल्या हाताने श्रीखंड खात होती. पुढे त्यांनी घर बदललं. तोरण उतरवताना ते पान त्यात नव्हतं, असं सुचित्राने सांगितलं. मला वाटलं, संपलं.

२०१९चा दसरा. मी पुण्यात, माझ्या घरी. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण स्वतः ओवलेलं. पानं विषम.

दुपारी व्हिडिओ कॉलवर ऋताने तिचं नवं चित्र दाखवलं. मी भान विसरून म्हणाले, "शाब्बास माझी बाय!"

फोन ठेवला.

दाराबाहेरून...

कच्...

आंब्याच्या हिरव्या पानांत, मधोमध, एक केशरी कागद होता. मागे नाव नव्हतं.

पण पंजा आता छोटा नव्हता. ऋताच्याच वयाच्या मुलीचा असावा, एवढा.

"तुझंही छान आहे हं, बाळा," मी कसंबसं म्हणाले.

परवा ऋताने फोनवर विचारलं, "आजी, हल्ली तू मला शाब्बास का नाही म्हणत?"

मी दाराकडे पाहिलं.

आणि तिला विचारलं, "जेवलीस का?"