बिळापाशी चाळलेलं पीठ

तुमचा विश्वास बसायचा न्हाई, शपथेवर सांगितलं तरी! आमच्या ताम्हिणीच्या रानातल्या खवले मांजराची जीभ एवढी लांब, की ते वाडीत बसून हिंजवडीच्या टॉवरवरच्या मुंग्या टिपतं. पण आमच्या सुधीरची गोष्ट त्याहून अचाट आहे.

हा माझा पोरगा लाकडं आणायला रानात गेला आणि जागीच थिजला. बिळासमोर एक अनोळखी मुलगी गुडघ्यांवर बसून पीठ चाळत होती! आमच्यात माणूस गेलं की दिव्यापाशी असं पीठ चाळून ठेवतात. त्यावर पाऊल उमटतं म्हणे.

सुधीरनं डोक्यावरचा रुमाल काढला. “कोण... कोण गेलं वो?”

“कुणी नाही! खवले मांजर येतं का, ते पावलांवरून कळेल,” ती म्हणाली. “मी प्राजक्ता. पुण्याहून अभ्यासाला आलेय. फार थोडी उरलीत हो ती.”

“अन् मी हितं रडायच्या तयारीत हाय!”

ती हसली... आणि संपलाच की पोरगा!

मग रोज सकाळी दोघं पावलं बघायला. वाडीतल्या बायासुद्धा बिळांवर लक्ष ठेवू लागल्या. पिठावर शेपटीची रेघ दिसली, की पळत सांगायला यायच्या.

“तुमच्या केसात पीठ हाय.”

“मग झटक ना.”

“नगं... लई छान दिसतंय.”

आणि परवा घात झाला! प्राजक्ता बिळाशी पोचली, तर सुधीरच्या हातात पहार, पायाशी पोतं.

“तू...? तू विकणार होतास त्याला?”

तो मान खाली घालून उभा. एक शब्द न्हाई!

आता ती बॅग भरून आमच्या अंगणात जीपची वाट बघतेय. ज्या वाडीवर भरवसा नाही तिथं अभ्यास कसला, म्हणते. तो खांबाला टेकून उभा. म्हणून सगळ्यांदेखत सांगतो — पोरगं निर्दोष हाय! कुण्या हलकटानं बीळ खणायला घेतलं होतं, यानं पहार हिसकावली. मांजर आत सुखरूप. हलकट कोण, मला काय ठाऊक? मी तर पौडला बाजारात होतो! पण काय झटका दिला राव पोरानं — अजून खांदा वर होत न्हाई माझा...

प्राजक्तानं बॅग खाली टाकली. सुधीरजवळ गेली, त्याचा हात घट्ट धरला आणि माझ्याकडं वळून ओरडली,

“खोटं! बाबा, तुम्ही पौडला होतात, तर झटका तुमच्या खांद्याला कसा बसला?”