तगारीतल्या काळ्या टोप्या

शेणाच्या कंड्यावर थापणारीचा हात उमटतो. आमच्या मिलच्या लाइनीत दहा बायका कंडे थापायच्या, पण दुरून बघून मी सांगायची, हा सरलाचा, हा गंगूबाईचा. माझा पंजा सगळ्यांत मोठा. सासरे महूच्या पलटणीतले. त्यांची सून शेणात हात घालील असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याचे दात पाडले असते. पण ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मिलला कुलूप लागलं अन् चिंतामणच्या तबेल्यातून मी शेणाची पहिली तगारी डोक्यावर घेतली.

आमचे हे, नथू, मिलमध्ये कापड विणायच्या सांच्यावर होते. उजव्या हाताचं मधलं बोट त्या सांच्यानेच खाल्लं. तरी कुलपानंतरही रोज खाकी घालायचे, डबा मागायचे, अन् अंगणात मिलच्या भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"दोन कंडे थापा की. हात नाही झडणार."

"मी कारागीर आहे, कांता. शेणाला हात लावणार नाही."

"अहाहा! चार बोटांचा कारागीर!"

तेव्हा विजय नगरकडे नव्या बिल्डिंगा उठत होत्या. कधी कोणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही ती मी, जयसिंगराव ठेकेदारांच्या दारात उभी राहिले अन् ह्यांच्यासाठी चौकीदारी मागून आणली. सोमवारी हजर नाही झाले तर जागा दुसऱ्याला.

श्रावणात ऊन नाही, म्हणून शेण तगारीतच पडून होतं. एका सकाळी पाहते तर त्यावर केसासारख्या काड्या उगवलेल्या. काचेच्या असाव्यात तशा. प्रत्येकीच्या डोक्यावर मोहरीहून लहान काळी टोपी. साऱ्या एकाच बाजूला वाकलेल्या. बरोबर सातला टिक् टिक् सुरू झालं, पत्र्यावर साबुदाणा सांडावा तसं. टोप्या उडत होत्या अन् मिलच्या भिंतीवर चिकटत होत्या.

सात म्हणजे पहिल्या पाळीचा भोंगा. भोंगा तर केव्हाच बंद.

चिंतामण हसला. "अरे बई, बरसातीत शेणावर उगतंच हे. उजेड जिकडे, तिकडे टोपी फेकतं. बस."

"अन् उजेड कुठून येतो?"

त्याने पूर्वेकडे पाहिलं. मग भिंतीकडे. भिंत पश्चिमेला. "तगारी फिरवून बघ," म्हणाला अन् चहा न पिताच गेला.

फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. वरून टोपलं झाकलं. सातला टोपल्याच्या आतून टिक् टिक्. उचललं तर पश्चिमेची बाजू तेवढी काळी.

मग ह्यांची मान तशी झाली. ताट पूर्वेला वाढलं तरी मान भिंतीकडे. रात्री मी धरून सरळ करायची, सकाळी परत तिकडे.

सोमवारी मी ह्यांना निळी वर्दी चढवली. सातला पाच कमी होते.

"भोंगा झाला की निघतो," हे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "भोंगा मेला. मिल मेली. तुम्हाला तीच पाहिजे ना? मग जा, तिच्यातच जाऊन बसा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून. मान वळत नव्हती.

मी डबा घ्यायला आत गेले.

टिक् टिक्.

बाहेर आले. ह्यांचं बसायचं स्टूल रिकामं. अंगणाच्या दाराची कडी आतून लावलेली. भिंत दोन पुरुष उंच, वर काचा.

मिल उघडायला लावली. माझ्या पोराने, पंचशीलने, एकेक खातं पालथं घातलं. सांच्यांवर धूळ, जमिनीवर धूळ. तिच्यात पाऊल एकही नाही.

दुसऱ्या सकाळी, भिंतीवर पत्र्याखाली, माझ्या वाळक्या कंड्यांच्या रांगेत एक ताजा कंडा होता. वेडावाकडा, पहिल्यांदाच थापल्यासारखा.

चार बोटं. मधलं नाही.

त्यावर काळ्या टोप्या उगवल्या होत्या. भिंतीला पाठ करून, माझ्याकडे वाकलेल्या.

मी डावीकडे सरकले.

त्याही सरकल्या.

बाकीचे कंडे विकले. तो विकला नाही, चुलीतही घातला नाही. पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलाय. तीस उन्हाळे गेले त्याच्यावरून.

अजून ओला आहे.