क्षमेला शब्द नव्हता

“ताई, आज तू मागेच बस हं... आणि मेहेरबानी करून मध्ये तोंड उघडू नकोस!” धाकटीने आरशात बघतच सांगितलं.

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना औषध पाजता पाजता थोरली नुसती हसली, पण काळजात चर्र झालं! आई गेल्यावर जिने पाठीशी बांधून वाढवलं, तिचीच हिला लाज वाटावी? वाटेना का बापडी! पोर तीन वर्षं खाली शहरातल्या मिशनच्या प्रशिक्षणशाळेत शिकून आली होती. आज डोंगरावरच्या आपल्या माणसांपुढे, आपल्याच बोलीत पहिला उपदेश जमला, तरच तिला पलीकडच्या डोंगरांत सेवेला पाठवणार होते. नाही तर घरी परत! ऐकायला प्राचार्यबाई स्वतः सहा तास चढून आल्या होत्या.

प्रार्थनाघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. धाकटी उभी राहिली, आणि थोरलीचा ऊर भरून आला. काय तो आवाज, काय ते तेज! ही खरंच आपलीच का?

पण तीन वर्षांत बोली जिभेवरून निसटली होती. ‘देवाने क्षमा केली’ असं सांगायचं, तर त्या बोलीत क्षमेला शब्दच नाही! धाकटीने ‘देव तुमच्या चुका विसरला’ असं जुळवून आणलं होतं, पण घाईघाईत तोंडून निघालं, “देव तुम्हा सगळ्यांना विसरला!”

सभा गारच पडली. पुढे बसलेल्या म्हातारीने तर हंबरडाच फोडला. धाकटी पांढरीफटक... संपलं, तीन वर्षं पाण्यात!

गप्प बसणं गेलं खड्ड्यात! थोरली उठली.

“रडू नको गं आजी! चढणीवर तुझे पाय लटपटले, की कुणीतरी न सांगता तुझी मोळी आपल्या डोक्यावर घेतं ना? आपण काय म्हणतो त्याला? उतरून घेणं! देवाने आपलं सगळं उतरून घेतलं गं...”

आणि धाकटीच्या हातातलं शुभवर्तमानाचं पुस्तक घेऊन तिने पुढची ओळ न अडखळता वाचली. “उतरून घेतलं... उतरून घेतलं...” अख्खी सभा पुटपुटू लागली. प्राचार्यबाईंच्या अंगावर काटा आला.

“पण तीन वर्षांपूर्वी निवडीच्या दिवशी तुला तर एक अक्षर वाचता आलं नव्हतं! म्हणून तर आम्ही धाकटीला नेलं...”

थोरलीची मान खाली गेली. “जागा एकच होती, बाई. बाबांपाशी कुणीतरी राहायला हवं होतं.”

“ताई!” धाकटीने तिच्या पायांना मिठीच मारली. “मी सगळ्या शाळेत सांगत फिरले गं, माझी बहीण ठोंब आहे म्हणून!”

“अगं वेडे, तुला खरं वाटलं म्हणूनच तर गेलीस!”

धाकटी डोळे पुसत उठली. “बाई, माझं पाठवणं राहू द्या. बाबांना मी बघते. यंदाची जागा हिला द्या.”

प्राचार्यबाईंनी थोरलीकडे पाहिलं. “येशील?”

आपण नाहीच म्हणणार, असं थोरलीला पक्कं वाटलं होतं. पण तोंडून निघालं, “येते!” आणि मग तिला रडू आवरेना.