आत किती जण?

२०७१ साली अरबी समुद्राच्या तळाशी माणसं नोकरीला जात. टायटॅनियमच्या गोल यानात बसून पावणेतीन किलोमीटर खाली उतरायचं, तळाच्या चिखलाचे नमुने गोठवून घ्यायचे आणि संध्याकाळच्या चहाला जहाजावर परत यायचं. त्या यानाला सगळे 'कवडी' म्हणत.

मंगळवारी सकाळी तळावर दरड कोसळली, कवडीला जबर धक्का बसला आणि तिची वीज गेली. फोन बंद, दिवे बंद. आत दोघं होते, हर्षल तांडेल आणि जोएल परेरा. बचावजहाजाची कॅप्टन होती शाल्मली तांडेल. हर्षलची बायको.

अकरापर्यंत यंत्रमानवाने कवडीला दोर अडकवला. पण कवडीवरची कडी दरडीच्या धक्क्याने वाकलेली होती. हळू ओढलं तर साडेतीन तास लागणार, आणि कडी टिकणार. जोरात ओढलं तर दीड तास, पण कडी तुटायची भीती. आतली हवा दोघांना दोन तास पुरेल इतकी. एकालाच असेल तर चार तास.

"म्हणजे आत किती जण श्वास घेताहेत, त्यावर सगळं आहे," शाल्मली म्हणाली.

"ते मी सांगू शकेन, कॅप्टन!" जहाजावरच्या उष्णताशास्त्रज्ञ डॉ. झुलेखा काझींचे डोळे चमकत होते. टर्बाइनच्या पोटात, भट्टीच्या भिंतीत, जिथे तापमापक वितळून जातो तिथलं तापमान बाहेरून मोजायची रीत त्यांनी वीस वर्षं घासून तयार केली होती. तिला त्या 'अंतस्ताप' म्हणत. माणसांसाठी ती आज पहिल्यांदाच वापरायची होती. यंत्रमानवाने कवडीच्या अंगावर साठ तापमापक चिकटवले होते.

"बाहेरून आतलं कसं कळणार?"

"पातेलं चुलीवर ठेवलं, तर ते तासाभरात किती तापेल हे सांगणं सोपं. पातेल्याला बाहेरून हात लावून आत काय शिजतंय ते ओळखायचं, तर उलटं चालावं लागतं. बाहेर केसभर चुकलं तर आत हातभर चुकतं. म्हणून मी आतल्या हजारो शक्यता मांडते आणि बाहेरच्या आकड्यांशी जुळेल ती ठेवते. जिवंत माणूस म्हणजे साधारण शंभर वॅटचा दिवा. आत किती दिवे जळताहेत, एवढंच मोजायचं."

पडद्यावर आकडा स्थिरावला. शहाण्णव वॅट.

"एक," काझी म्हणाल्या.

दोर ओढणाऱ्या विंचवरचा माणूस हळू वेगाच्या खटक्यावर हात ठेवून शाल्मलीकडे बघत होता.

"हे सहा आकडे लाल का आहेत?" शाल्मलीने विचारलं.

"डाव्या बाजूचे. फारच थंड येताहेत. तापमापक बिघडले असणार, म्हणून वगळले."

"डाव्या बाजूला काय आहे?"

"नमुन्यांचा फ्रीझर. पण त्याचं झाकण जाड आहे, बंद असताना त्याचा परिणाम होत नाही."

शाल्मली ताडकन उठली. "आणि उघडं असलं तर?"

"कोण उघडं ठेवेल?"

"माझा नवरा! डॉक्टर, पंधरा वर्षं मी त्याच्यामागे फ्रीजची दारं लावत फिरतेय. कोणाला काही लागलं की पहिला बर्फाकडे धावतो. उघडं धरून मोजा!"

काझींची बोटं धावू लागली. चाळीस किलो गोठलेला चिखल वितळत असेल, तर तो आतली उष्णता गिळत राहणार. बाहेर पोचणार ती उरलेली. नवं गणित सुटलं आणि सहाही लाल आकडे एकाएकी हिरवे झाले. साठपैकी साठ जुळले.

"दोन! कॅप्टन, दोन दिवे!"

"पूर्ण वेग!" शाल्मली ओरडली.

दोर कुरकुरत राहिला. कडीवरचा ताण तीनदा धोक्याच्या रेषेपार गेला, तीनदा मागे आला. एक तास बावीस मिनिटांनी कवडी पाण्याबाहेर आली आणि झाकण उघडताच दमट, कोंदट हवेचा लोट बाहेर पडला. पाठोपाठ हर्षल. त्याच्या खांद्यावर जोएल, सुजलेल्या घोट्याला चिखलाच्या बर्फाची पुरचुंडी बांधलेला. सगळं जहाज नाचू लागलं. काझी तर खलाशांच्या गळ्यात पडून रडत होत्या. संध्याकाळच्या आत तीन देशांतून अंतस्तापाची मागणी आली. खाणी, बोगदे, अंतराळयानं, आता सगळीकडे तो आकडा बाहेर उभ्या असलेल्यांना दिसणार होता.

दवाखान्यात जोएलने शाल्मलीचा हात घट्ट धरला. काझींनी त्याला सगळं रंगवून सांगितलं होतं.

"कॅप्टन, तुम्ही नसता तर मी गेलो असतो," तो हसत म्हणाला. मग सहज कुतूहलाने त्याने विचारलं, "पडद्यावर आधी 'एक' आलं ना, तेव्हा तो एक कोण असावा असं तुम्हाला वाटलं?"

कोण असावा असं वाटलं, आणि कोण असू दे म्हणून तिने त्या क्षणी देवाला विनवलं, हे शाल्मलीला स्वच्छ आठवत होतं. तिने त्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.