पायी निघालेला दुष्काळ

वाळवंटात ठोकलेल्या तंबूत जलवयमापकानं थेंब गिळला आणि आकडा दाखवला. डॉ. मंदाकिनी कुंभोजकरांनी चष्मा पुसून तो परत वाचला. पाण्याचं वय चार हजार वर्षं.

बाहेर झऱ्यापाशी अझ्झा म्हातारी पाय पसरून बसली होती. झरा करंगळीएवढा उरला होता. उद्या ट्रक येणार आणि सगळं गाव उचलून शहराच्या छावणीत नेणार. सरकार म्हणे, गावानंच खजुरांना पाजून पाणी संपवलं.

"चोर सापडला का गं पोरी?" म्हातारीचं बोलणं मंदाताईंच्या कानातली दुभाषी कुडी मराठीत सांगायची. साठीच्या बाईला पोरी म्हणणारं आता एवढंच माणूस उरलं होतं.

"चोर गावात नाही, आजी. हे पाणी क्षितिजावरच्या त्या डोंगरावर पडलं आणि खडकातून मुंगीच्या पावलानं इथवर आलं. चार हजार वर्षांपूर्वी तिथला पाऊस तुटला. ती तूट आत्ता पोचलीय."

मदतनीस नौशाद मुकादम हातातला चहा विसरला. "ताई, यांचे पूर्वज दुष्काळाला भिऊन डोंगर उतरले म्हणतात. म्हणजे तोच यांच्या मागं पायी येत होता?"

"हो. जमिनीखालून."

"चिवट आहे मेला," म्हातारी म्हणाली. "मुक्काम किती?"

"सातशे वर्षं. डोंगरावर तेवढाच टिकला होता."

"मग मला नाही जमायचं बसून राहायला."

मंदाताईंनी वाळूत रेघ ओढली. एका टोकाला डोंगर, दुसऱ्याला गाव. मधोमध ते ओसाड शहर, ज्याला सगळे 'तहानेलं' म्हणत. तिथून जाताना लोक पखाली चादरीखाली झाकत, नाहीतर शहर पाणी पिऊन टाकेल म्हणून.

"नौशाद, तिथं कुणी खोदलंय?"

"आपल्या नकाशात कोरडं लिहिलंय ना."

"लिहिलं कुणी?"

"आपणच. गावकऱ्यांना विचारून."

मंदाताईंनी रेघेच्या मध्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "अरे, दुष्काळाला तोंड असतं तशी शेपूटही असते. तोंड आज इथं आहे, म्हणजे शेपूट तहानेल्यातून केव्हाच बाहेर पडली. गाडी काढ."

अझ्झा न विचारताच पुढच्या सीटवर चढून बसली. जुन्या विहिरीतली वाळू उपसता उपसता दुपार कलली. आधी ओल लागली, मग पाणी. मापक म्हणाला, दोन हजार वर्षं. दुष्काळ सरल्यानंतरचा पाऊस. तेराशे वर्षं तो इथं जमिनीखाली पोचत होता आणि लोक पखाली झाकून त्याच्या डोक्यावरून जात होते.

नौशादनं ट्रक थांबवायला फोन लावला. अझ्झा ओंजळीनं प्याली, तोंड पुसलं आणि डोंगराकडे पाहिलं.

"याच्या मागून काय येतंय?"

मंदाताईंच्या लहानपणापासून त्या डोंगरावर थेंब पडला नव्हता. हवा तापवणाऱ्यांत त्यांचंही शहर होतं.

"दुसरा दुष्काळ, आजी. निघालाय. हा आम्ही धाडलेला आहे."

"इथं कधी येईल?"

"दोन हजार वर्षांनी."

म्हातारीनं पुन्हा ओंजळ भरली.

"तेव्हाच्या लेकरांकडे इतक्या लांब निरोप न्यायला," ती म्हणाली, "माणूस कुठून आणू?"